झाडलेला झरा

मोह पडायला लागला की माझं डोकं दुखतं. आमच्या देवरीकडे हे उघड बोलायची सोय नाही. इथे मोहाच्या वासाचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत, आणि वर्षातून एकदा नागपूरहून येणारे पाहुणे तर गाडीची काच खाली करून डोळे मिटून श्वास घेतात. मला तो वास जड वाटतो. भांड्यात काहीतरी गोड शिजवलं, झाकून ठेवलं आणि घरातले सगळे ते विसरून गेले, असा. त्यातच बारावीची परीक्षा सुरू असते. वर्गाच्या खिडक्या उघड्या, आत माना खाली घालून बसलेली मुलं, आणि बाहेरून हा वास येतो. त्याच्या मागोमाग धूर येतो.

धूर कशाचा, ते सांगायला हवं. मोहाची फुलं पहाटे गळतात. ती वेचायची तर झाडाखालची जमीन दिसली पाहिजे. म्हणून फुलं पडायच्या आधी घरोघरच्या बाया आपापल्या झाडाखालचा पाला झाडून काढतात, ढीग करतात आणि पेटवून देतात. चार दिवसांत जंगलातली जमीन अंगणासारखी लख्ख होते. ज्या बाईच्या मोहाखाली पाला दिसला, तिच्याबद्दल टोल्यात, म्हणजे वस्तीत, दोन शब्द बोलले जातात. मी मुर्रीची, म्हणजे गोंदियाच्या वेशीवरची. आमच्याकडे अर्धं बोलणं हिंदीत आणि जंगल फक्त कॅलेंडरवर. ही झाडलोट मी इथे नोकरीला आल्यावर पाहिली आणि मला ती फार आवडली होती. घराबाहेरची, रानातली जमीनसुद्धा कोणी इतकी मायेनं झाडतं, याचं मला अप्रूप वाटायचं.

आता तो पहिला धूर दिसला की मी खिडकी लावून घेते.

ते वर्ष दोन हजार चार असेल किंवा पाच. देवरीतल्या एका धान्यवाल्याच्या माडीवर आम्ही दोघी एका खोलीत राहायचो, मी आणि वंदना. मी कॉलेजात मराठी शिकवायचे, ती प्राणिशास्त्र. ती अर्जुनी मोरगावकडच्या एका खेड्यातली. आईवडील दोघंही रोवणीच्या, कापणीच्या मजुरीला जाणारे. घरात बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर आणि त्या दोघांच्या मधोमध वंदनाचा एम.एस्सी.चा फोटो. मी बोलायचे आणि ती ऐकायची, अशी आमची कामाची वाटणी होती. बोलायची वेळ आली तर ती आधी समोरच्या वस्तूकडे बराच वेळ पाहायची. मला वाटायचं हिला ऐकू आलं नाही. मग ती उत्तर द्यायची आणि ते बहुतेक वेळा बरोबर असायचं, याचा मला राग यायचा.

तिच्या पीएच.डी.चा विषय चतुर. लहानपणी आम्ही ज्यांना हेलिकॉप्टर म्हणायचो आणि ज्यांच्या शेपटीला दोरा बांधण्याचा क्रूरपणा करायचो, ते. आदल्या पावसाळ्यात चिचगडच्या पलीकडे, जंगलातल्या एका नाल्यावर तिला एक वेगळा चतुर दिसला होता. काळसर, अंगावर पिवळे पट्टे, डोळे हिरवेगार, आणि उन्हात न येता दाट सावलीत खाली खाली उडणारा. तिने तो जाळीत धरला, पुस्तकं काढली, मोठ्या शहरातल्या जाणकारांना विचारलं. फार दुर्मिळ, असं उत्तर आलं. त्याच उत्तरात एक ओळ अशी होती की याची पिल्लं कशी असतात, कुठे वाढतात, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.

त्या ओळीने वंदनाला धरलं.

चतुराचं आयुष्य आपण समजतो तसं हवेतलं नसतं. हवेतले ते थोडे आठवडे म्हणजे शेवट. खरं आयुष्य पाण्याखाली जातं, वर्ष-वर्ष, दोन-दोन वर्षं. पंख नसलेलं, मातकट, कोणाच्या नजरेत न भरणारं ते पिल्लू चिखलात वाढतं, पुन्हा पुन्हा कात टाकतं, आणि एके दिवशी पाण्याबाहेर येऊन काडीवर नाहीतर मुळीवर चढतं. पाठ उकलते आणि आतून चतुर निघतो. मागे पोकळ कात तशीच चिकटून राहते. मला हे सगळं वंदनाने भाजी चिरता चिरता सांगितलं. मी म्हटलं, "अगं, मग पिल्लू सापडलं की झालं ना?" ती म्हणाली, "पिल्लू कोणाचंही असू शकतं. त्याच्यातून तोच चतुर निघताना पाहिला, तरच ते त्याचं. नाहीतर मी लिहू काय?"

म्हणजे तिला एवढंच हवं होतं. एका पिल्लाला एकदा कात सोडून बाहेर येताना पाहायचं. त्यावर तिचं पुढचं सगळं अडलेलं होतं. आणि तिच्या घरात पीएच.डी. हा शब्द नीट म्हणता येणारं दुसरं कोणी नव्हतं, तरी आई दर फोनवर विचारायची, "झालं का तुझं ते मोठं काम?"

पिल्लं सापडली ती एका झऱ्यात. नाल्याच्या वरच्या अंगाला खडकाच्या भेगेतून पाणी झिरपतं आणि खाली एका खोलगट जागी साठतं. वर जांभळाचं मोठं झाड, त्याची मुळं खडकाला धरून पाण्यात उतरलेली. भर दुपारी तिथे संध्याकाळ असायची. पाणी हलायचं नाही. तळाशी वर्षानुवर्षांचा पाला, काळा पडलेला, एकावर एक बसलेला. काठी घातली की बुडबुडे यायचे आणि कुजका वास यायचा. पक्षीही तिथे कमी ओरडायचे, निदान मला तरी तसं वाटायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला त्या जागेची भीतीच वाटली. कोणीतरी आपल्याकडे पाहतंय आणि ते कुठे आहे ते कळत नाही, अशी भीती.

आणि खरंच कोणीतरी पाहत होतं. वंदनाने पाण्यात बोट दाखवलं. मला सडकी पानं दिसली. "नीट पाहा," ती म्हणाली. मी पाहिलं. मग त्यातल्या एका पानाला डोळे फुटले.

ते पिल्लू बसकं होतं, रुंद, कोळ्यासारखे लांब पाय पसरून बसलेलं. अंगभर बारीक केस आणि त्या केसांत गाळ अडकवून घेतलेला, म्हणजे स्वतःचं अंग त्याने स्वतःच झाकून घेतलं होतं. ते हलत नव्हतं. एक बेडकाचं पिल्लू वळवळत त्याच्या समोरून गेलं. पुढचं मला धड दिसलं नाही. काहीतरी सुटलं, काहीतरी परत आलं, आणि बेडकाचं पिल्लू त्याच्या तोंडात होतं. वंदना समजावत होती, की त्याचा खालचा ओठ लांब असतो, कोपरासारखा दुमडून तो तोंडावर झाकणासारखा ठेवलेला असतो, पुढे आकडे असतात. शिकार टप्प्यात आली की ओठच फेकायचा. श्वास ते मागच्या बाजूने घेतं, आणि पळायची वेळ आली तर तेच पाणी जोरात मागे सोडून पुढे सुटतं. मी म्हटलं, "बाई गं, आपल्या स्टाफरूममध्ये असे दोघे आहेत." ती हसली नाही. ती त्या पिल्लाकडे अशी पाहत होती की मला परकं वाटलं.

ते दिवसभर वाट पाहायचं. पोटात भूक, तोंडावर झाकण, अंगावर कचरा. मला त्याची कधीच माया आली नाही, हे खरंच सांगते. पण त्या काळ्या पाल्याशिवाय ते जगू शकत नव्हतं, एवढं माझ्यासारख्या मराठीवालीलाही कळलं. पाला हेच त्याचं घर होतं आणि पाला हीच त्याची शिकारीची जागा. पाल्यावरच त्याचं अन्न वाढायचं, आणि पाल्यातच ते आपल्या भावंडांपासून लपायचं.

सुरुवातीला वंदनाने काही पिल्लं खोलीवर आणली. एका मोठ्या घमेल्यात झऱ्याचं पाणी, पाला, काड्या, वर मच्छरदाणीचा तुकडा. घरमालकीण जिन्यावरून वाकून म्हणायची, "बेटा, ये क्या पाल रखा है? मच्छर हो जाएँगे घर में." तिला सांगावं लागलं की आंटी, ये मच्छर ही खाता है. मग ती शेजारणींना घेऊन पाहायला येऊ लागली. पण देवरीचा उन्हाळा माडीवर फार लवकर येतो. पाणी कोमट व्हायला लागलं. एका सकाळी एक पिल्लू नव्हतं आणि दुसरं फुगलं होतं. मग ते फुगलेलंही उलटं होऊन तरंगायला लागलं. शेवटचं मेलं तेव्हा वंदनाने घमेलं गच्चीवर रिकामं केलं आणि म्हणाली, "आता नाही आणायची. तिथे थोडीच उरलीत. तिथेच जाऊन बसायचं."

मोठी पिल्लं वाढीच्या शेवटाला आली होती. त्यांच्या पाठीवर पंखांच्या घड्या फुगल्या होत्या. पावसाआधी ती बाहेर येणार, असा तिचा अंदाज होता. पाऊस आला की नाला फुगणार आणि काठावरचं सगळं धुऊन नेणार. त्याआधी पाहायचं, एवढंच.

आम्ही सुट्टीच्या दिवशी तिच्या लूनावर जायचो. चिचगडचा रस्ता तेव्हा असा होता की दिवस मावळायच्या आत परत फिरायचं, हे कोणी कोणाला सांगावं लागत नसे. पोलीस चौकीपाशी वाळूच्या गोण्या रचलेल्या. चहाच्या टपरीवर अनोळखी माणूस दिसला की सगळे बोलायचं थांबायचे. वाटेत दोन्ही बाजूंना रान आणि मधेच कुठेतरी झाडलेलं, जळलेलं, काळं वर्तुळ, त्याच्या मधोमध मोहाचं झाड. दर खेपेला ती वर्तुळं वाढलेली दिसायची.

झऱ्याच्या जवळच्या मोहाची झाडं पारबतामावशीची. पन्नाशीची बाई, उंच, कोरडी, डोक्यावर पदर आणि हातात कायम शिंदीचा झाडू. पहिल्यांदा तिने आम्हाला पाहिलं तेव्हा वंदना पाण्याच्या काठावर पालथी पडून आत डोळे घालून होती आणि मी दगडावर साडी सावरत बसले होते.

"का पाहून राहिल्या जी बाई?" तिने विचारलं.

वंदनाने दाखवलं. मावशीने वाकून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "या किड्याले पाहाले इतक्या दुरून येता? बाप्पा!"

"याच्यावर माझी परीक्षा आहे, मावशी," वंदना म्हणाली. "हा पाण्यातून बाहेर निघताना मला पाहायचाय. तोवर येत राहीन."

परीक्षा हा शब्द मावशीला पटला. ती बसली. तिने सांगितलं, "पह्यले हापशी नव्हती तं आमी याच झऱ्याचं पानी पेवो. तवा हे असं नव्हतं. दर साली साफ करो. आता हापशी झाली, तं कोनी पाहत नाई इकडं." ते सांगताना तिला कुठेतरी लाज वाटत होती. घरात पसारा असताना पाहुणे यावेत, तशी. त्या वेळी मला ते दिसलं, पण त्याचं पुढे काय होईल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. हापशी आली, झरा टाकून दिला गेला, पाला साचला, आणि त्या टाकून दिलेल्या पाल्यात हा दुर्मिळ जीव वाढला. वंदनाला हे गणित ठाऊक होतं. मावशीला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

पुढच्या खेपेला रस्त्यापासून झऱ्यापर्यंतची वाट झाडलेली होती. काटे बाजूला केलेले, मोठे दगड उचललेले. आम्हाला बरं वाटलं. त्याच्या पुढच्या खेपेला काठावर एक सपाट दगड आणून ठेवलेला होता, बसायला. मावशी म्हणाली, "घानीत कायले बसता? साडी खराब होते." वंदना त्या दगडावर बसली, मावशीकडे पाहून हसली, आणि मग हळूच उतरून पुन्हा आपल्या चिखलात बसली. मावशीने ते पाहिलं.

आणखी एकदा गेलो तेव्हा जांभळाची पाण्यावर आलेली एक फांदी छाटलेली होती. "अंधार पडत होता जी. बाईले दिसत नाई म्हून पोट्ट्यानं तोडला." पाण्यावर उन्हाचा एक चौकोन पडला होता. वंदना बराच वेळ त्या चौकोनाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आता अजून काही तोडू नका हं, मावशी. सावली राहू द्या." मावशीने मान डोलावली. तिला वाटलं असेल, बाईला ऊन लागतं.

त्या दिवशी परतताना पहिल्यांदा मला धुराचा त्रास झाला. सगळ्या डोंगरावर पाल्याचे ढीग जळत होते. वारा नव्हता. धूर झाडांच्या बुंध्यांशी बसून राहिला होता, वर जात नव्हता. लूनाचा दिवा लावूनही पुढचं धड दिसेना. वंदना म्हणाली, "सगळं झाडून टाकतात गं." एवढंच म्हणाली. मला वाटलं ती जंगलाबद्दल बोलतेय.

मग परीक्षा संपल्या आणि वंदनाला पेपर तपासणीसाठी नागपूरला जावं लागलं. नाही म्हणता येत नव्हतं. नोकरी पक्की नव्हती. जायच्या आधी ती एकदा झऱ्यावर जाऊन आली. एक मोठं पिल्लू मुळीपर्यंत येऊन, अर्धं अंग पाण्याबाहेर काढून, पुन्हा आत गेलं होतं. हवा चाखून गेलं, ती म्हणाली. आता आठवड्याची नाहीतर पंधरवड्याची गोष्ट आहे. मावशीला तिने सांगितलं, मी अमुक दिवसांनी परत येते, तोवर या जागेकडे लक्ष ठेवा. मावशी म्हणाली, "तुमी बिनघोर जा."

त्या दिवसांत देवरीत इतकं तापलं की दुपारी रस्त्यावर कुत्रीही दिसत नव्हती. मी खोलीत एकटी. घमेलं कोपऱ्यात पालथं पडलेलं. मला सारखं वाटायचं, तिकडे जाऊन पाहावं. पण त्या रस्त्यानं एकटीनं जायची माझी छाती झाली नाही, आणि गेले असते तरी मी काय ओळखणार होते, ही सबब सोयीची होतीच. धूर मात्र खिडकीपर्यंत यायचा. कपड्यांना, भाताला, उशीलासुद्धा.

वंदना परत आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही गेलो.

वाटेच्या तोंडाशीच दोन बाया उभ्या होत्या. आम्हाला पाहून एक पळत आत गेली. पुढे अख्खा टोला जमलेला. पारबतामावशीने धुतलेलं लुगडं नेसलं होतं. वाटेच्या दोन्ही कडांना चुन्याची रेघ ओढलेली. मी हसत हसत पुढे गेले आणि मग झरा दिसला.

पाणी स्वच्छ होतं. तळ दिसत होता. एक पान नव्हतं. काळा गाळ टोपल्या-टोपल्यांनी उपसून काढलेला, खडक घासलेला, काठ मातीने सारवून त्यावर पांढऱ्या मातीची नक्षी काढलेली. पाण्यात लोंबणारी जांभळाची बारीक मुळं कापून मोकळं केलं होतं. अजून एक फांदी तुटली होती आणि सगळ्या पाण्यावर ऊन खेळत होतं. दगडावर गोधडी अंथरलेली. बाजूला, थोड्या अंतरावर, पाल्याचा आणि गाळाचा ढीग जळून गेलेला, राख अजून गरम होती.

"तुमी येनार म्हून आमी समद्या जनी मिळून झाडून काढलो," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात काय होतं ते मला लिहिता येत नाही. "पह्यले जसा होता ना, तसा केलो. चांगलं झालं का जी बाई? आता बसा, किती बसाचं तं."

मी वंदनाकडे पाहिलं नाही. मला धीर झाला नाही. मला फक्त तिचा आवाज ऐकू आला.

"खूप सुंदर झालंय, मावशी. खूपच सुंदर."

मग ती गोधडीवर बसली. त्यांनी गुळाचा चहा केला होता, तो ती प्यायली. कोणीतरी लग्नाचं विचारलं, तिने उत्तर दिलं. बाया आपापल्या कामाला पांगल्यावर ती उठली, काठीने राख चाळली. राखेत काही नव्हतं. मग ती जांभळाच्या मुळांशी गेली आणि एका जाड मुळाच्या खालच्या अंगाला, झाडू पोचला नव्हता तिथे, तिला कात दिसली. रिकामी, पाठीवर उकललेली, पाय मुळीत घट्ट रोवलेले. तोंडावरचं ते झाकणही जसंच्या तसं. त्यांतलं एक बाहेर आलं होतं. ते कधी आलं, तिच्या माघारी पहिल्याच रात्री की झाडलोट सुरू असताना, आणि आतून कोण उडालं, हे सांगायला तिथे कोणी नव्हतं. वंदनाने कात कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत ठेवली. झाकण तिने दोनदा दाबून पाहिलं.

परतीच्या वाटेवर तिने लूना एका पुलाशी थांबवली. म्हणाली, "शोभा, माझ्या आईला तिच्या लहानपणी पाणवठ्यावर उभं राहू देत नव्हते. कोणी वरून ओतलं तर प्यायचं. आणि इथे या बायांनी माझ्यासाठी पाणवठा झाडला. सारवला. मी काय बोलायला हवं होतं, तूच सांग."

ती रडली, पुलाच्या कठड्याला धरून, मोठ्याने. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं ते त्या एकाच वेळी.

पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली होती. झरा लख्ख होता. एकही पिल्लू नव्हतं. त्याच्या पुढच्या वर्षीही नव्हतं. उन्हात यायचं नाही, असा ज्याचा स्वभाव, तो चतुर तिथे अंडी घालायला कशाला येईल? दुसरे झरे शोधले, नाले पालथे घातले. शेवटी तिने विषय बदलला आणि भाताच्या बांध्यांमधल्या, म्हणजे खाचरांतल्या, साध्या, ढिगाने सापडणाऱ्या चतुरांवर पीएच.डी. केली. आईचा फोनवरचा प्रश्न संपला. आता ती वर्ध्याकडे एका कॉलेजात आहे. तिच्या टेबलावर ती डबी आहे. डबीवर कागद चिकटवलेला आहे आणि त्यावर फक्त जागेचं नाव आहे. प्राण्याचं नाव लिहायची जागा कोरी आहे. आम्ही आठवड्याला बोलतो, सासू, सांधे, मुलांच्या तक्रारी, सगळं. झऱ्याबद्दल ती एक शब्द विचारत नाही.

यंदा परीक्षेच्या भरारी पथकात माझं नाव लागलं आणि चिचगडचं केंद्र वाट्याला आलं. पेपर लवकर संपला. जीपवाला म्हणाला, मॅडम, आधा घंटा रुकना पड़ेगा, टायर पंक्चर आहे. रस्ता आता डांबरी झालाय, चौकीपुढच्या गोण्या गेल्यात. झऱ्याची वाट तिथून फार लांब नव्हती, मी चालत निघाले. का निघाले, माहीत नाही. मोह पडत होता, डोकं दुखत होतं, आणि सगळ्या रानात तोच धूर बुंध्यांशी बसलेला होता.

वाट झाडलेली होती.

पारबतामावशी काठावर वाकून उभी होती. पाठीत पोक आलंय, केस पांढरे झालेत. हातात तसाच शिंदीचा झाडू. जांभळाचं एक पान पाण्यावर पडलं होतं, ते ती झाडूच्या टोकाने काठाकडे ओढत होती. मला ओळखायला तिला वेळ लागला. ओळख पटली तशी तिने आधी माझ्या मागे पाहिलं.

"बाई नाई आल्या का जी? त्यायचा किडा भेटला का?"

"नाही, मावशी."

"आमी तं दर साली झाडून ठेवतो. कवा येईन बाई, का जाने. आली तं घान दिसाले नको." तिने पान उचलून बाजूला टाकलं. "पोट्टे हासते मले."

मी त्या पाण्यात पाहिलं. इतकं स्वच्छ, इतकं रिकामं पाणी मी दुसरीकडे पाहिलं नाही. त्यात एक साधी डासाची अळीसुद्धा हलत नव्हती. इतकी वर्षं ही बाई एका मेलेल्या घराचं अंगण झाडत होती, आणि अजून कितीतरी वर्षं झाडणार होती. मला तिथून निघून जाता आलं असतं. जीप दुरुस्त झाली असेल, असं म्हणता आलं असतं. वंदना तशीच निघाली होती, आणि मला तिचं पटलंही होतं. पण मावशीने दुसऱ्या पानाकडे झाडू नेला आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"राहू द्या, मावशी. पाला राहू द्या."

"काऊन?"

"तो किडा पाल्यातच राहतो. त्या कुजक्या, काळ्या पाल्यात. पाला गेला, तसा तो गेला."

मावशीचा झाडू पाण्यावरच थांबला. कुठेतरी ढीग पेटल्याचा तडतड आवाज येत होता. तिने पाण्याकडे पाहिलं, चुन्याच्या रेघेकडे पाहिलं, बसायच्या दगडाकडे पाहिलं. एक एक करून सगळं तिला आठवत असावं. मला वाटलं ती रागवेल. तिचा आवाज मात्र लहान झाला होता.

"मंग बाईनं तवाच काऊन नाई सांगतलं?"

मी सांगितलं. वंदनाच्या आईचं, पाणवठ्याचं, वरून ओतलेल्या पाण्याचं. "तुम्ही तिच्यासाठी पाणी झाडलंत, मावशी. तुमचं मन तिला मोडवेना."

मावशी त्या सपाट दगडावर बसली. इतक्या वर्षांत त्या दगडावर ती कधी बसली नसावी. तो बाईसाठी होता. झाडू तिने पायाशी आडवा ठेवला. वरून एक पान सुटलं, फिरत फिरत खाली आलं आणि पाण्यावर टेकलं. तिचा हात सवयीनं झाडूकडे गेला आणि मधेच थांबला. मग तिने तो हात मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

"बाईले सांगजा," ती म्हणाली, "आता नाई झाडत म्हून. पाला पडू देतो. येऊन पाहा म्हना."

मी हो म्हटलं. ते पान अजून वरच होतं, आणि आम्ही दोघी ते बुडायची वाट पाहत बसलो.